लेकीला घेऊन मिरजेच्या उरसाला

गुरुवार

पुण्याहून मिरजेला जायला रात्रीच्या गाड्या सोयीच्या, पण लेक बरोबर असताना मी दुपारची कोयना एक्सप्रेसच पकडते. शिंदवण्याचा घाट, पुढे आदर्कीची वळणं, बोगदे, सगळं उजेडात दिसतं. लेक सहा वर्षांची आहे. पहिला बोगदा आला तेव्हा ती खिडकीशी होती आणि काहीतरी गुणगुणत होती. अंधार झाला, गाडीचा आवाज एकदम अंगावर आला, आणि तिला तिचा स्वतःचा आवाज वेगळा ऐकू आला. त्यानंतर प्रत्येक बोगद्यात ती "आऽऽ" लावून बसली. बोगदा संपला की थांबायची आणि विचारायची, "पुढचा कधी?"

मिरजच का, असं घरी सगळ्यांनी विचारलं होतं. पुण्यात मैफलींची वानवा नाही. पण सभागृहातल्या मैफलीत लहान मूल नेलं की आईचा अर्धा जीव गाण्यात आणि अर्धा मुलाच्या तोंडावर बोट ठेवण्यात जातो. सहा वर्षांच्या पोरीला "हलू नकोस, बोलू नकोस" म्हणून दोन तास खुर्चीत बसवायचं, तर तिला गाण्याऐवजी शिक्षाच लक्षात राहील. मला तिला अशा ठिकाणी न्यायचं होतं जिथे जाजमावर बसता येतं, कंटाळा आला तर उठता येतं, झोप आली तर आडवं होता येतं, आणि तरीही गाणं अस्सल असतं. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरसाच्या वेळी होणारी संगीत सभा तशी आहे. उघड्या आवारात, चिंचेच्या झाडाखाली, तिकिटाविना. शिवाय ज्या गावात रात्री तंबोरा ऐकायचा त्याच गावात दिवसा तो घडताना बघता येतो. असं दुसरं गाव माझ्या माहितीत नाही.

स्टेशनजवळच्या लॉजवर सामान टाकलं, पोरीला दूधभात भरवला आणि रिक्षा केली. रिक्षावाल्यानं विचारलं, "उरसाला का, ताई? की गाण्याला?" गाण्याला म्हटल्यावर त्यानं आपण होऊन आडबाजूच्या गल्लीतून नेलं, कारण मोठ्या रस्त्यावर पाळणे, मिठाईची दुकानं आणि माणसांचा पूर. या उरसाची रीत मला फार मोलाची वाटते. पहिला गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चढवण्याचा मान चर्मकार समाजाचा आहे आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दर्शनाच्या रांगेत कुंकू लावलेल्या बायका आणि डोक्यावर ओढणी घेतलेल्या बायका एकमेकींची पोरं सांभाळत उभ्या होत्या.

आवारातच खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. आधी तिथे गेलो. मी लेकीला सांगितलं की हे खूप मोठे गवई होते. लांब उत्तरेत, कैराना नावाच्या गावात 1872 साली जन्मले, आणि शेवटी मिरजेचे झाले. एकदा मिरजेत ते प्लेगनं आजारी पडले, तेव्हा या दर्ग्यात येऊन गायले आणि बरे झाले, असं इथले लोक सांगतात. दरवर्षी उरसात ते इथे हजेरी लावायचे. 1937 च्या ऑक्टोबरमध्ये ते मद्रासकडे दौऱ्यावर असताना रेल्वेत त्यांच्या छातीत दुखायला लागलं. सिंगपेरुमल कोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर ते उतरले, फलाटावरच बसून त्यांनी सूर लावला आणि तिथेच गेले. त्यांना इथे आणून दफन केलं.

"आपल्यासारख्याच गाडीत होते?"

"हो."

"आणि स्टेशनवर गायले? सगळ्यांसमोर?"

मरणाबद्दल तिनं काही विचारलं नाही. स्टेशनवर गाता येतं, एवढंच तिच्या मनात शिरलं. मग मी तिला टिपूमियाँची गोष्ट सांगितली. खाँसाहेबांचा कुत्रा होता, त्याला त्यांनी सुरात आवाज लावायला शिकवलं होतं आणि लोकांसमोर त्याचा कार्यक्रमसुद्धा केला होता. ही गोष्ट खरी आहे आणि सहा वर्षांच्या मुलाला खाँसाहेबांच्या किराना घराण्याच्या दारात आणून सोडायला याहून चांगली गोष्ट मला सापडलेली नाही. तिनं कबरीकडे नव्या आदरानं पाहिलं.

गाणं सुरू झालं तेव्हा आम्ही एका कडेला, कर्ण्यापासून लांब बसलो. ही जागा मी ठरवून घेते. लहान मुलांचे कान नाजूक असतात आणि पुढे बसण्याच्या हौसेपायी त्यांना ध्वनिक्षेपकाच्या तोंडाशी बसवणं बरं नाही. जत्रेतून चालताना तिच्या कानांवर जाड कानझाकणंही होती. गाण्याला बसल्यावर ती काढली. पहिल्या गायकाचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल तिनं थोडा वेळ ऐकला, मग मला विचारलं, "पाळण्यात जायचं?" गेलो. पाळणा वर गेला की चिंचेखालचे दिवे दिसायचे आणि खाली आला की मिठाईवाल्यांचा गलका. एकदा अगदी वर असताना गायकाचा षड्ज, म्हणजे सा, ऐकू आला आणि ती म्हणाली, "तो अजून तेच गातोय." परत येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि झोपून गेली. तिच्या अंगावर शाल टाकून मी पुढची मैफल ऐकली. आजूबाजूला आणखी चार-सहा पोरं अशीच आडवी झाली होती. कुणाला त्यांची अडचण नव्हती.

शुक्रवार

आजचा दिवस तंतुवाद्यांचा.

मिरजेच्या शनिवार पेठेत सतारमेकर गल्ली आहे. या घराण्यांचे पूर्वज शिकलगार. तलवारी, भाले, बरच्या घडवणं आणि त्यांना धार लावणं हा त्यांचा धंदा. इंग्रजी अमलात हत्यारांची मागणी आटली. पटवर्धन संस्थानिकांच्या मिरजेत गाण्याबजावण्याला आश्रय होता, गवई येत-जात होते, आणि त्यांच्या मोडक्या वाद्यांना हात लावणारा माणूस हवा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी हे काम हाती घेतलं आणि पुढे सगळी गल्लीच सतारमेकर झाली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ही बातमी वाचून मला आनंद झाला होता, पण त्या गल्लीत प्रत्यक्ष उभं राहिल्यावर वाटतं की हा मान फार आधी मिळायला हवा होता.

एका कारखान्यात आम्हाला आत बोलावलं. कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीला दांड्या टेकवून ठेवलेल्या, छताला भोपळे टांगलेले, जमिनीवर लाकडाचा भुसा. पांढऱ्या दाढीचे एक चाचा मांडीवर भोपळा घेऊन घासत बसले होते.

"ये की आत. चप्पल तिथंच काढ. हे काय हाय सांग बघू?"

"भोपळा."

"मग भाजी करायची का?"

लेकीनं माझ्याकडे बघितलं. चाचा हसले. "करायची न्हाई. कडू असतोय ह्यो. जिभेला लावशील तर दिवसभर थुकत बसशील."

हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. तिकडचा शेतकरी ते मुद्दाम वाद्यांसाठी लावतो. वेलावर पूर्ण पक्व होऊ द्यायचे, मग महिनोन्‌महिने वाळवायचे. वाळला की आतल्या बिया खुळखुळतात. चाचांनी एक अख्खा भोपळा लेकीच्या हातात दिला. तिनं तो कानाशी नेऊन हलवला आणि हळूच खाली ठेवला, कारण आकाराच्या मानाने तो इतका हलका होता की तिला त्याची भीती वाटली. पुढे तो कापतात, पाण्यात भिजवून नरम करतात, आत आडव्या काठ्या बसवून हवा तो घेर देतात आणि पुन्हा वाळवतात. मग तुणाच्या लाकडाची पोकळ दांडी, भोपळ्याच्या तोंडावर लाकडाची पातळ तबली, दोघांच्या सांध्यावर कोरलेली पानं, मग खुंट्या, रंग, पॉलिश. पुरुषी आवाजाच्या तंबोऱ्याचा भोपळा मोठा, बायकी आवाजाचा लहान. हे सगळं हातानं. खोलीतलं एकमेव यंत्र भोक पाडायचं होतं आणि तेही त्या दिवशी बंद होतं.

लेकीनं विचारलं, "आत काही नाही मग आवाज कुठून येतो?"

चाचांनी थेट उत्तर दिलं नाही. तारा चढवलेला एक तयार तंबोरा आडवा ठेवला, तिला जवळ बसवलं आणि म्हणाले, "हितं गाल लाव." तिनं भोपळ्याला गाल लावला. त्यांनी खरजाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची, तार छेडली. तिचे डोळे मोठे झाले. पुन्हा छेडली. ती म्हणाली, "दातात वाजतंय." मग जरा थांबून, अगदी तिच्या हिशेबानं, तिनं सांगितलं, "बोगद्यासारखं आहे. आत रिकामं आहे म्हणून."

मला त्या क्षणी फार भरून आलं. ध्वनीशास्त्राचं पुस्तक वाचून मला जे कळलं होतं ते हिला रेल्वेच्या खिडकीतून आणि भोपळ्याला लावलेल्या गालातून मिळालं. घरी आम्ही मोबाइलवरचा तंबोरा लावतो. रियाजाला तो उत्तम आहे आणि मी तो बंद करणार नाही. पण त्याला गाल लावता येत नाही. मुलांना जिवंत संगीताजवळ न्यायचं ते याच्यासाठी. कान शिकतातच, पण आधी कातडीला, हाडांना, दातांना ते कळलं पाहिजे.

यानंतर जवारी. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी नाजूक उतार असतो. तार त्या उतारावर घासत कंप पावते आणि त्यातून ती झणझण उमटते. हा उतार कानसेनं घासून काढतात, त्याला जवारी काढणं म्हणतात, आणि हे काम घरातल्या ज्येष्ठ माणसाकडेच असतं. ते नजरेनं होत नाही, ऐकूनच करावं लागतं. घासायचं, तार लावायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा घासायचं. एवढं करून शेवटची जागा ठरवतो तो सुताचा दोरा. प्रत्येक तारेखाली घोडीवर एक साधा सुती दोरा असतो. तो केसभर पुढे-मागे सरकवला की आवाज उघडतो किंवा मिटतो.

चाचांनी दोरा काढून तार छेडली. टण्ण. कोरडा, लगेच विझणारा आवाज. मग दोऱ्याचं टोक लेकीच्या हातात दिलं. "म्या वाजवतो, तू वढ. हळू. आनि हळू."

ती ओढत राहिली, ते छेडत राहिले. टण्ण, टण्ण, आणि एका ठिकाणी तो आवाज एकाएकी लांब झाला, त्याला पाकळ्या फुटल्या, खोलीभर झाला. तिनं दोरा सोडून दिला आणि दोन्ही हात हवेत धरले. चाचा म्हणाले, "गावली बघ! आता हलवू नगंस." खरज नीट लागला की त्यात न छेडलेला गंधार, म्हणजे ग, ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, आणि तो ऐकायला मला माझ्या गाण्याच्या शिक्षणात बराच काळ लागला होता. तो तिला ऐकू आला की नाही हे मी विचारलं नाही. काही गोष्टी विचारल्या की मुलं आपल्याला हवं ते उत्तर देतात.

तिथून निघायला दुपार झाली. तिला वाजवायची पद्धतही दाखवली त्यांनी. पहिली तार, पंचमाची, मधल्या बोटानं. पुढच्या तिन्ही, दोन जोडाच्या, म्हणजे मधल्या सा च्या, आणि एक खरजाची, तर्जनीनं. तालात नाही, घाईत नाही, एकामागून एक सोडत जायचं. जेवताना तिनं आमटीच्या वाटीशेजारी टेबलावर तेच चालवलं होतं.

रात्री पुन्हा दर्ग्यात. आज पाळण्याचं नाव निघालं नाही. किराना पद्धतीनं गाणाऱ्या एक बाई बसल्या होत्या, मागे दोन तंबोरे. मैफलीआधी तंबोरे लावायला वेळ लागतो. बरीच माणसं तेवढ्यात चहा पिऊन येतात, फोन करून घेतात. माझंही त्या वेळात कधी फारसं लक्ष नसायचं. लेकीसाठी मात्र खरी मैफल तीच होती. ती गुडघ्यांवर उभी राहून बघत होती. खुंटी पिळली, मणी खाली सरकवला, आणि मग बाईंची बोटं घोडीकडे गेली तशी ही मोठ्यानं म्हणाली, "आई, दोरा! दोरा सरकवतायत!"

पुढचे धोतरातले आजोबा वळले. मला वाटलं आता बोलणी बसणार. ते म्हणाले, "बरोबर ओळखलंस. आता बघ, जवारी लागली की मी सांगतो." आणि खरंच, दोन्ही तंबोरे एकात एक मिसळले तेव्हा त्यांनी बोट वर करून तिला खूण केली. अशी माणसं मैफलीत असतात म्हणून मैफल टिकते.

मारुबिहाग राग होता. आलापी हळूहळू, एकेक सूर जोखत पुढे जाणारी. तिचा पहिला प्रश्न मला अपेक्षित होता: "या गाणं कधी सुरू करणार?" मी म्हटलं, "हेच गाणं आहे. शब्द थोडे असतात, सूर जास्त." तिनं मान डोलावली, पटलं नसावं. पण मग तिला दुसराच खेळ सापडला. ती गायिकेकडे बघायची सोडून लोकांकडे बघू लागली. विलंबित एकताल, तालाची एक फेरी म्हणजे आवर्तन लांब, आणि सम, त्या फेरीची पहिली मात्रा, आली की चिंचेखालच्या सगळ्या माना एकदम खाली जायच्या. कुणाचा हात मांडीवर पडायचा, कुणाच्या तोंडून "वाऽ" निघायचं. तिनं माझ्या कानात विचारलं, "सगळ्यांना कसं कळतं?" मी म्हटलं, "तबला ऐक, तोही सांगतो." त्यानंतर ती वाट बघायला लागली. दोनदा आधीच मान हलवली, एकदा उशिरा. आणि मग द्रुत, म्हणजे जलद लय, सुरू झाल्यावर एका समेला तिची मान सगळ्यांबरोबर पडली. आजोबांची, माझी, तिची. ती इतक्या जोरात हसली की तबलजींनी पाहिलं आणि तेही हसले.

घरी ध्वनिमुद्रण ऐकताना सम कळू शकते. पण अनोळखी माणसांबरोबर एका क्षणाला मान खाली घालण्यात जे सुख आहे ते एकट्यानं मिळत नाही. हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी या दर्ग्यात गायले ते याच गर्दीच्या आई-आजोबांसमोर. त्या रात्रींत मांडीवर झोपलेली पोरंही असणारच.

ती त्या रात्री शेवटपर्यंत जागी नव्हती. पण झोपेतही तिची दोन बोटं माझ्या हातावर हलत होती, मधलं एकदा आणि तर्जनी तीनदा.

शनिवार

सकाळी उशिरा उठलो. बालगंधर्व नाट्यगृहाकडे एक फेरी मारली. नारायण राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, किर्लोस्कर नाटक मंडळीत आले ते मिरजेतच, आणि 1905 मध्ये शकुंतलेच्या वेशात ते पहिल्यांदा उभे राहिले तेही याच गावात. लेकीला बाईच्या वेशातल्या गवयाचं नवल वाटलं नाही. तिला भूक लागली होती. भडंग घेतलं आणि नरसोबाच्या वाडीची एस.टी. पकडली.

वाडीला गाण्यासाठी म्हणून फारसं कुणी जात नाही, दत्तासाठी जातात. मी तिला दोन्हींसाठी नेलं. दोन रात्री तिनं ऐकलं होतं, आता जिथे ऐकणारे आणि गाणारे असा भेदच नाही असं गाणं तिला दाखवायचं होतं. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचा तो रुंद घाट, औदुंबराखाली पादुका, पायऱ्यांवर बसलेली माणसं. दुपारी तिनं पाण्यात पाय सोडून कवठाची बर्फी खाल्ली आणि पायऱ्या मोजताना तीन वेळा चुकून पुन्हा सुरुवात केली.

संध्याकाळी पालखी. उत्सवमूर्ती पालखीत बसते आणि पालखी मंदिराभोवती फिरते. जागोजागी थांबून पदं म्हणतात. पुढचे पुजारी ओळ उचलतात, मागची गर्दी ती झेलते. कुणाचा सूर वर, कुणाचा खाली, कुणी ओळ विसरून नुसतंच "हं" करतो, पण शे-दोनशे माणसांच्या तोंडून ती एकत्र निघते तेव्हा सगळं भरून येतं. वासुदेवानंद सरस्वतींची करुणात्रिपदी, दत्ताची आळवणी, इथे रोज म्हणतात. माझ्या आजीच्या तोंडी ती सतत असायची, त्यामुळे मला पाठ आहे. लेकीला माहीत नव्हती. पण पालुपद फिरून फिरून येतं. दुसऱ्या वेळेला तिनं शेवटचा शब्द धरला, तिसऱ्या वेळेला अर्धी ओळ, आणि नंतर माझा हात सोडून एका आजींच्या शेजारी जाऊन ती पूर्ण गळ्यानं म्हणू लागली. आजींनी तिला पुढे घेतलं, पालखी दिसेल अशी. तिचा सूर बरोबर होता का? बहुतेक ठिकाणी नव्हता. मी त्यात काही सुधारायला गेले नाही. मुलांच्या गाण्याला पहिल्या दिवशी सूर लावायला जाणारी मोठी माणसं मला पटत नाहीत. आधी तोंड उघडू दे, माणसांत मिसळू दे. कान तयार होत असतात, ते पुढे गळ्याला वळणावर आणतात.

मुक्काम वाडीतच, एका भक्तनिवासात. रात्री तिनं विचारलं, "इथे तंबोरा का नाही?" मी म्हटलं, "इथे सगळी माणसंच तंबोरा होती." तिला हे उत्तर आवडलं नाही. "नाही, माणसांना भोपळा नसतो," म्हणाली. मग पोटावर हात ठेवून थोडा वेळ "आऽऽ" करून पाहिलं आणि म्हणाली, "असतो."

रविवार

कुरुंदवाड वाडीपासून अगदी जवळ, पंचगंगेवरचा पूल ओलांडला की आलंच. मला इथे यायचं होतं ते विष्णू दिगंबर पलुस्करांसाठी. तेही 1872 चेच, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या वर्षीचे. एकाच वर्षी एक कैरान्यात आणि एक कुरुंदवाडात जन्मावा आणि दोघांचीही वाट मिरजेवरून जावी, याचं मला कायम अप्रूप वाटतं. पलुस्करांचे वडील कीर्तनकार. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाशी फुटला आणि मुलाची दृष्टी अधू झाली. उपचारासाठी मिरजेला नेलं. डोळे पूर्ववत झाले नाहीत, शाळा सुटली, आणि मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाण्याची तालीम सुरू झाली. हे बाळकृष्णबुवा याच भागातले. ख्याल शिकण्यासाठी उत्तरेत पायपीट केलेले आणि ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवलेले. त्यांच्या या शिष्यानं 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाच्या आश्रयाविना, लोकांच्या पैशावर चालणारी गाण्याची शाळा. त्याच परंपरेतल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आज देशभर मुलं देतात, मीही दिल्या आहेत, आणि त्या मंडळाचं घर पुन्हा मिरजेतच आहे.

लेकीला एवढं सगळं सांगितलं नाही. घाटावर बसून फटाक्याची आणि डोळ्यांची गोष्ट तेवढी सांगितली. तिनं डोळे घट्ट मिटले आणि बराच वेळ बसून राहिली. काय करतेस विचारलं तर म्हणाली, "ऐकतेय." मग एकेक आवाज सांगत गेली: पाणी, धुणं, दूरची मोटारसायकल, देवळातली घंटा, एक बाई कुणालातरी रागावतेय. आईसाठी तो तास फार मोठा होता. मी घड्याळाकडे बघितलं नाही आणि आमची ठरवलेली एस.टी. त्यात गेली, तर जाऊ दे म्हटलं.

दुपारनंतर मिरजेला परतलो. गाडीला अवकाश होता म्हणून पुन्हा शनिवार पेठेत गेलो. चाचा दुपारचा चहा घेत होते. परवाचा तंबोरा गिऱ्हाईक घेऊन गेलं होतं. लेकीचा चेहरा पडला, कारण तो तिच्या लेखी तिचा होता.

"आजोबा, माझा दोरा?"

"त्यो बी गेला त्येच्यासंगं. कोन तरी मानूस आता रोज तुजा दोरा लावून गाईल बघ."

हे ऐकून ती सावरली. मग तिनं विचारलं की भोपळे वेलावर कसे दिसतात, एवढे मोठे भोपळे वेल तोडून पडत नाहीत का, आणि रात्री वाऱ्यानं वाजतात का. चाचांनी तीनही प्रश्न गंभीरपणे ऐकले. म्हणाले, वाजतात का ते त्यांनाही ठाऊक नाही, ते कधी रात्री शेतात थांबलेले नाहीत. भोपळे भरायला येतात तेव्हा ते स्वतः मंगळवेढ्याला निवडायला जातात, त्या वेळी फोन करतो, पोरीला घेऊन या. मी नंबर लिहून दिला. लेकीनं कागद माझ्याकडून परत घेतला, नंबराखाली आपलं नाव लिहिलं आणि शेजारी एक भोपळा काढला, म्हणजे कुणाला फोन लावायचा ते त्यांच्या लक्षात राहील.